डिमसम आणि आईचा चीक

काल दुपारी विश्रामबागला बँकेचं काम होतं, ते झालं नाहीच, सर्व्हर डाऊन, मग भूक लागली म्हणून मी आणि आई तिथल्याच एका छोट्या चायनीजमध्ये घुसलो. मेनूत ट्रिपल शेजवानच्या खाली डिमसम, सहा नग १२० रुपये. आई म्हणाली मोमोच असणार, नाव बदलून पैसे जास्त.

पण आले ते चक्क बांबूच्या डब्यात, झाकण काढलं तर वाफ थेट चष्म्यावर. आईनं एक उचलून उजेडाकडे धरलं, आतलं गाजर दिसत होतं, म्हणते कळ्या अजून चार तरी पाडायला पाहिजे होत्या! मी शहाणपणा केला, सांगितलं की ही पारी तांदळाची नाही, गव्हाच्या पिठातलं ग्लुटेन धुवून काढल्यावर जो स्टार्च उरतो त्याची असते, म्हणून वाफवल्यावर पारदर्शक होते. तर आई लगेच, "अरे मग हा कुरडईचा चीकच की!" बरोबरच आहे ना यार, मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

मूळ हे दक्षिण चीनमधल्या कँटनकडचं, सकाळपासून दुपारपर्यंत चहासोबत खायचं, त्याला यम चा म्हणतात म्हणजे चहा पिणं. म्हणून चहा मागितला तर पोरगा म्हणाला, चहा समोरच्या टपरीवर. आणले मग दोन कटिंग.

चटणी मात्र जाम तिखट, सगळ्या चवीची वाट लावली.

रिक्षात आई विचारत होती, आपल्या मोदकपात्रात एका वेळी किती मावतील.