तिसऱ्या गाण्याची नोंद : अभंगाची अक्षरे आणि ९० बीपीएम

मागील नोंदीत मी लिहिले होते की, माझ्या रॅप गाण्यातला सोळा बारांचा (एक बार म्हणजे चार ठोके) अंतरा अकराव्या बारापाशी अडतो, कारण तिथे श्वासच पुरत नाही. या महिन्यात त्याचे कारण सापडले. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या गतीला, एक बार सुमारे २.६७ सेकंदांचा असतो, म्हणजे सोळा बार जेमतेम ४३ सेकंदांत संपतात. आणि मी प्रत्येक बारातील सोळाही जागा (दर ठोक्याला चार) उच्चारांनी भरून टाकत होतो.

उपाय घरातच होता. आजीच्या तोंडचे अभंग ऐकत वाढलो असल्याने मोठ्या अभंगाची ६-६-६-४ अशी अक्षरसंख्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक कानात पक्के बसले आहे. त्याच मापात मुंबईतल्या आमच्या टिळकनगरविषयी चार चरण बांधून पाहिले :

पुनर्विकासाचे / लागले फलक / पाण्याची झलक / पहाटेच

पहिले दोन चरण एका बारात आणि उरलेले दोन दुसऱ्या बारात ठेवले. कागदावर ही बावीस अक्षरे आहेत. परंतु गाताना आजी ‘फलक’मधला शेवटचा ‘क’ पूर्ण म्हणेल, तर मी बोलीतल्याप्रमाणे ‘फलक्’ म्हणतो, ‘लागले’चे ‘लाग्ले’ करतो आणि ‘पहाटेच’चा ‘च’ही तोडतो. त्यामुळे प्रत्यक्ष उच्चार दहा आणि आठ, असे एकूण अठराच होतात, आणि दुसऱ्या बाराच्या शेवटी निवांत श्वास घेता येतो. मराठीत रॅप लिहिणाऱ्यांनी अक्षरे नव्हे, उच्चार मोजावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

ध्वनिमुद्रण अजूनही कपाट आणि गोधडी यांच्या मधल्या जागेतच चालते. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ आयपॅडवर तयार केले होते, हे आठवले की सामग्रीबद्दलची माझी कुरकूर आपोआप थांबते. ‘फलक’मधल्या ‘फ’चा फुत्कार माइकवर आदळत होता, तो माइक तोंडासमोरून थोडा तिरका धरल्यावर गेला. रेल्वेगाड्यांच्या भोंग्यांवर मात्र इलाज नाही, कारण लोकमान्य टिळक टर्मिनस जवळ असल्याने रात्रसुद्धा शांत नसते. सर्वांत चांगल्या टेकमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या प्रयत्नात) भोंगा नेमका ‘झलक’वर वाजला. वस्तीचा आवाज म्हणून तो तसाच राहू द्यावा, असे एका मित्राचे म्हणणे होते. पण शब्दच ऐकू येत नसेल तर वस्तीविषयी काय सांगितले ते कळणार कसे, म्हणून तो टेक मी रद्द केला.

बीट, म्हणजे रॅपमागे वाजणारे तयार संगीत, या वेळी परवाना घेऊन विकत घेतला. पहिल्या गाण्याचा ‘फुकट’ बीट केवळ विनानफा वापरासाठी होता, हे मी वाचलेच नव्हते आणि गाणे उतरवावे लागले होते.

अकरावा बार आता एका दमात निघतो. चौदाव्यात ‘म्हाडा’ हा शब्द ठोक्याच्या आधीच पडतो आहे. तो चरण नव्याने बांधावा लागेल.