कागदावरची चिऊ

दवाखान्यातून घरी आली तेव्हा आमच्या नातीच्या पायाला प्लॅस्टिकची एक पट्टी होती. तिच्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढं सुनेचं नाव. माझ्या आईनं, वय ८५, ती पट्टी माझ्याकडनं वाचून घेतली आणि म्हणाली, "बेबी व्हय? बरं हाय की. आमच्या आळीत चार बेब्या हुत्या."

आई चेष्टा करत नव्हती. सांगली-मिरजेकडच्या कुठल्याही गावची मतदार यादी काढून बघा. साठीच्या पुढच्या बायकांत बेबी, बेबीताई, बेबीनंदा, छबूताई, आक्काताई छापील अक्षरांत भेटतील. हाकेची नावं नव्हेत ही, चांगली कागदावरची. लेकीची लेक झाली, नातवंडं झाली, गुडघे गेले, तरी बाई रेशनकार्डावर बेबीच.

त्यामुळं चौथ्या दिवशी मुलगा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "आण्णा, नाव ठरलं. चिऊ," तेव्हा मी काही दचकलो नाही. म्हटलं, "हाक मारायला छान आहे. आणि कागदावर?"

"कागदावर पण चिऊच."

आतून भांड्याचा आवाज आला. ते पडलं की आपटलं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला नक्की सांगता येत नाही. मग ही पदराला हात पुसत बाहेर आली. "अरे, ठेवणीतलं म्हणून एखादं नाव नको का पोरीला? चिऊ काय, आम्ही म्हणूच की."

ठेवणीतलं नाव. ठेवणीतल्या साडीसारखंच ते. घडी मोडायची शाळेच्या दाखल्यावर, मग एकदा लग्नपत्रिकेवर, आणि शेवटी पेपरातल्या निधनवार्तेत. तिथंही कंसात हाकेचं नाव घालावं लागतं, नाहीतर गल्लीला कळतच नाही कोण गेलं. एरवी ते नाव आपलं ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात पडून.

हिची वही तयार होती. भटजींनी रेवती नक्षत्राचं चौथं चरण सांगितलं होतं, म्हणजे अक्षर 'ची'. त्यावरून चिन्मयी, चित्रलेखा, चित्रांगी अशी आठ-दहा नावं हिनं सुवाच्य अक्षरात लिहून काढलेली. मुलगा म्हणाला, "मग चिऊ कुठल्या अक्षरावरनं येतंय?" भटजींचा आधार असा उलटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ३१ वर्षं शाळेत कारकुनी केली. जनरल रजिस्टरात हजारो नावं या हातानं लिहिली. नावाच्या बाबतीत घरातलं शेवटचं न्यायालय मीच.

पण माणूस चुकीचा निवडला होता. माझं नाव बाळासाहेब.

म्हणजे आजोबांनी मला शाळेत नेलं तेव्हा मी नुसता बाळ होतो. गुरुजींनी विचारलं, "पोराचं नाव?" आजोबा म्हणाले, "बाळ." गुरुजी म्हणाले, "समोर बसलेली सगळी बाळंच आहेत. शाळेतलं नाव सांगा." आजोबांना शाळेतलं नाव असं काही माहीत नव्हतं. मग गुरुजींनीच दौतीत टाक बुडवला आणि बाळाला साहेब लावून दिला. जन्मतारीख विचारल्यावर आजोबा म्हणाले, पेरण्या व्हायच्या होत्या. गुरुजींनी १ जून टाकली. माझ्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला. तो आम्ही कुणीच कधी साजरा केला नाही, ते सोडा.

पुढं मीच त्या रजिस्टरापुढं बसलो तेव्हा कळलं की हे माझ्या एकट्याचं नाही. बापूसाहेब, दादासाहेब, आण्णासाहेब, तात्यासाहेब, भाऊसाहेब, सगळे सहा वर्षांचे, नाकातनं शेंबूड गळणारे. पहिलीच्या बाई शिपायाकरवी निरोप पाठवायच्या, "बापूसाहेबांच्या पोटात दुखतंय, घरी नेऊन सोडा." बाहेरगावाहून बदलून आलेल्या एका साहेबांनी हे ऐकून टोपी नीट केली होती. त्यांना वाटलं संस्थेचे कुणी पदाधिकारी आलेत. रजिस्टरातला रकाना अरुंद, त्यामुळं लिहिता लिहिता साहेबाचा 'सो' झाला. बाळासो, आप्पासो, दादासो. पुण्यामुंबईच्या माणसाला हे नाव वाचून दाखवा, तो विचारतो, पुढचं अक्षर पुसलं गेलंय का? नाही हो, एवढंच आहे.

आणि बाळ म्हणजे घरातलं सगळ्यांत धाकटं, साहेब म्हणजे गावातलं सगळ्यांत थोरलं. मधलं काहीच नाही. लाडाचं नाव आणि अदबीचं नाव एकाच घोंगडीत गुंडाळायची ही खोड आमच्याकडची जुनी. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू, वाळव्याचे नागनाथअण्णा, पुढं वसंतदादा, आर. आर. आबा. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचं पाळण्यातलं नाव तुकाराम, पण तुकाराम साठे म्हटलं तर त्यांच्याच तालुक्यात लोक विचारतील, कुठले ओ? बेचाळीसच्या चळवळीतून इथं इंग्रजांना आव्हान देणारं प्रतिसरकार उभं राहिलं ते नाना आणि बापू या घरगुती नावांच्या माणसांनी केलं. ठेवणीतल्या नावावाचून त्यांचं काही अडलं नाही. अहो, आमच्या जिल्ह्याचंच बारसं उशिरा झालं. १९४९ ला साताऱ्यातून वेगळा निघाला तो 'दक्षिण सातारा' म्हणून. सांगली हे नाव मिळालं १९६० साली. अकरा वर्षं आम्हीही 'बेबी ऑफ सातारा'च होतो.

तर मी काय बोलणार? तरी बाजू दोन्हीकडून बघावी म्हणून मी माझे हाल सांगितले. माझ्या सातबाऱ्यावर बाळू आहे, दाखल्यावर बाळासाहेब आणि निवडणूक ओळखपत्रावर बाळासो. पेन्शनच्या वेळी तिघं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. वकील म्हणाले, "तिघंही आलेत ना सही करायला?" त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

सुनेनं हे शांतपणे ऐकून घेतलं. ती कमी बोलते, पण बोलते तेव्हा पुरावा घेऊन. म्हणाली, "बाबा, इंग्लंडच्या राणीला लहानपणी स्वतःचं एलिझाबेथ हे नाव नीट म्हणता यायचं नाही. ती लिलिबेट म्हणायची. घरात तेच पडलं. आता २०२१ मध्ये तिच्या नातवाला, प्रिन्स हॅरीला, मुलगी झाली तर त्यांनी तिचं कागदावरचं नावच लिलिबेट ठेवलं. राजघराण्याला चालतं, मग आपल्याला काय झालं?"

राजघराणं म्हटल्यावर ही जरा गप्प झाली. पण लगेच सावरून म्हणाली, "आत्ता गोड वाटतंय. उद्या पन्नाशीची झाली, कुठं कलेक्टर झाली, तर काय म्हणतील? चिऊ मॅडम?"

यावर आई कोपऱ्यातून म्हणाली, "म्हातारी झाली म्हणून चिमणी काय कावळा हुती व्हय गं? चिमणीच ऱ्हाती की."

मी हे वाक्य नंतर बराच वेळ घोळवत बसलो. आईचं स्वतःचं नाव सोनाबाई. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण तिला आयुष्यभर कुणी ना कुणी ऐकवली. तिच्या हातात कथलाचाही वाळा बरीच वर्षं नव्हता. नावाकडं बघून पुढं काय होईल हे ठरवणाऱ्यांवर तिचा भरवसा नाही.

नावानं काही बिघडतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रजिस्टर भरताना माझा हात थांबायचा तो बाळासोला नव्हे, नकुशाला. तिसरी-चौथी मुलगी झाली की आता नको, म्हणून नकुशा. ती मुलगी पाटीवर रोज आपल्या हातानं 'मी नको आहे' असं लिहिणार आणि गुरुजी त्याला बरोबरची खूण करणार. शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८० हून जास्त मुलींना एका समारंभात नवी नावं दिली. त्या दिवशी पेपरातला फोटो मी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. धोंडू, दगडू, केरबा ही नावं वेगळी. ती दृष्ट लागू नये, मूल जगावं म्हणून ठेवलेली, वरून खडबडीत आणि आतून माया. नकुशाच्या आत काही नव्हतं. आमच्या घरात जो वाद चालला होता तो फार तर जास्त लाड होण्याचा, हे लक्षात आलं आणि माझा आवाज खाली आला.

माझी खरी अडचण वेगळीच होती. ती मी रात्री मुलाला गच्चीत सांगितली.

म्हटलं, इतर घरांत पोरावर राग आला की आई ठेवणीतलं नाव बाहेर काढते. एरवी अन्या, आणि पाटी फोडली की "अनिरुद्ध!" पोराला हवा कुठल्या दिशेनं वाहतेय ते कळतं. माझ्या आईकडं असं दुसरं नाव नव्हतंच. मग ती चिडली की म्हणायची, "या बाळासाहेब! झालं का गाव हिंडून? बसा, पाट देऊ का?" तो साहेब पाठीवरच्या रट्ट्याहून जोरात लागायचा. पण त्याहून वाईट म्हणजे बाळ हे नाव माझ्या घराकडं उरलंच नाही. हजेरीत तेच, मोजणीदाराकडं तेच, बँकेच्या काउंटरवर पंचविशीतलं पोरगं पासबुक बघून ओरडतं, "बाळासाहेब कोण?" आईनं जे नाव मला अंगाशी धरून दिलं ते सगळ्या जगानं वापरून वापरून पांढरं केलं. राणीच्या त्या लिलिबेटचंही तेच होणार. चार माणसांनी दाराआड म्हणायचं नाव आता पासपोर्टावर. चिऊ लहान मुलीचं नाव आहे ही माझी तक्रारच नाही. मी म्हणतो, ते तुमचं आहे. ते फॉर्मवर लिहिलंत की उद्या विम्याचा एजंटसुद्धा तिला फोन करून चिऊ म्हणेल.

मुलगा थोडा वेळ आयर्विन पुलाच्या दिशेनं बघत राहिला. मग म्हणाला, "घाई नाही आण्णा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, नावाचा रकाना मोकळा ठेवला तरी चालतो. वर्षभरात कधीही फुकट घालता येतं, पुढं विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत."

कायदा मलाच शिकवत होता. ऑक्टोबर २०२३ पासून शाळेपासून आधारपर्यंत सगळीकडं हा एकच जन्मदाखला धरतात, गुरुजींचा टाक आता चालत नाही, हे मी सांगितलं. त्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढं आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ते मला मनापासून आवडलेलं आहे. फक्त सुनेचं नाव पाच अक्षरी, मुलाचं चार, आडनाव तर विचारूच नका. पुढं इवलीशी चिमणी आणि मागं मिरज जंक्शनातनं निघालेली मालगाडी.

तेराव्या दिवशी बारसं झालं. बाराव्याला अमावास्या आली म्हणून एक दिवस पुढं. घुगऱ्या शिजल्या, वरवंट्याला कुंची घालून त्याला पाळण्याखालून वरून फिरवून झालं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. माझी मुलगी कराडहून आली होती, आत्याचा मान तिचा. तिनं पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, कानात नाव सांगितलं, आणि मागून बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की वर्षाची वसुली झाली. नाव कुणालाच ऐकू आलं नाही. विचारलं तर म्हणाली, "चिऊच सांगितलं." पण बराच वेळ सांगत होती. चिऊ सांगायला एवढा वेळ लागत नाही.

फॉर्मवर चिऊ गेलं. मी स्वतः महापालिकेत जाऊन ऱ्हस्व इकार बघून आलो. भटजींचं अक्षर दीर्घ होतं, ते मी घरी बोललो नाही.

पंधरा-वीस दिवसांतच एक गोष्ट झाली, आणि ती कुणी केली असं सांगता येत नाही. आई तेल लावताना तिला 'ठमी' म्हणायला लागली. दूध पिऊन गाल फुगले होते म्हणून असेल. मग ही म्हणायला लागली. मग मुलगा. एका दुपारी सून फोनवर तिच्या आईला सांगत होती, "ठमी आत्ताच झोपली," आणि मला बघून तिनं जीभ चावली.

परवा दीड महिन्याच्या लसीला गेलो होतो. बाकावर पंधरा बाया, पंधरा पोरं, सगळी एका सुरात. नर्सबाईंनी कार्ड उचललं, मालगाडीचे सगळे डबे एका दमात वाचले आणि मान वर करून विचारलं, "चिऊ कोण आहे?"

आम्ही तिघंही इकडं तिकडं बघत बसलो. नर्सबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा ही भानावर आली, दुपटं सावरत उठली आणि खांद्यावरच्या गाठोड्याला म्हणाली, "चला ठमाबाई, तुम्हालाच बोलवतायत."