वाफसा नसताना

पुण्यातल्या एका पर्यटन संस्थेत आफ्रिकेच्या सहली आखण्याचे आणि वर्षातून तीन-चार वेळा गटासोबत स्वतः जाण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. सफारीला नेमके कोणत्या महिन्यात जावे, हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला आहे तितका दुसरा कोणताही नाही. त्याचे उत्तर मला पाठ होते, आणि तरीही 2018 मध्ये अकरा जणांच्या एका कुटुंबाला घेऊन मी मे महिन्यात केनियातल्या मसाई मारा या राखीव क्षेत्रात गेले.

कुटुंबप्रमुख परभणीचे निवृत्त कृषी अधिकारी होते. सगळेजण त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नातवंडांना सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच मिळणार होती, आणि केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. स्वाहिलीत त्याला ‘मसिका’ म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरमधला धाकटा पाऊस तो ‘वुली’. पाऊस असेल हे मी त्यांना सांगितले होते, पण दुपारी एखादी सर येऊन जाईल, अशा सुरात सांगितले होते. मोसम नसल्यामुळे निवासाचे दर बरेच उतरले होते आणि एवढे मोठे बुकिंग हातचे जाऊ नये असे मला वाटत होते, हेही लिहिले पाहिजे. त्या वर्षी केनियातला पाऊस नेहमीपेक्षा पुष्कळच जास्त झाला होता, देशात अनेक ठिकाणी पूर आले होते, आणि ही बातमी आम्ही निघण्यापूर्वीच माझ्या वाचनात आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमारास आमची पुढची लँड क्रूझर एका उताराच्या तळाशी रुतली. मागची गाडी तिला दोर लावून ओढायला पुढे आली आणि तीही मागच्या चाकांवर बसली. आमच्या चालकाने गिअर बदलून दोन-तीनदा जोर लावला. चाके जागच्या जागी फिरली, चिखलाचे गोळे काचांवर येऊन आदळले आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. मुले हसत होती. मोठ्यांपैकी कोणीच हसत नव्हते.

“ताई, त्याला आधी इंजिन बंद करायला सांगा,” काका मागच्या आसनावरून म्हणाले. “चाक फिरवलं की नुसतं लोणी निघतं ह्याच्यातून.”

राखीव क्षेत्रात गाडीतून उतरायला मनाई असते. गाडी अडकलीच तर चालक आधी चहूबाजूंनी नीट पाहून घेतो आणि मगच कोणाला खाली येऊ देतो. काका उतरले, चाकाशी उकिडवे बसले आणि चिमूटभर माती घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत राहिले. त्या मातीची सुरनळी झाली, तुटली नाही. ती त्यांनी मला दाखवली. “ही आपलीच काळी आहे. परभणीची म्हणून खपेल. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मे महिन्यात आपल्याकडं भेगेत हात जातो. वाफसा नसताना, म्हणजे जमीन पुरेशी सुकलेली नसताना, आपण शेतात बैलसुद्धा घालत नाही, तुम्ही अडीच-तीन टनांची गाडी घातलीत.”

माराच्या सखल भागातल्या या मातीला तिकडे इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ कापसाची काळी जमीन असाच होतो. ते नाव मी कितीतरी वेळा ऐकले होते, पण ती आपल्या मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या जमिनीचीच जातभाई आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. काकांनी चालकाकडून फावडे मागून घेतले, चाकांभोवती साचलेले पाणी आधी एक लहान चर काढून उताराकडे वळवले, टायरमधली थोडी हवा सोडायला लावली, आणि ओढ्यातले चपटे दगड आणण्याविषयी दोघांचे हातवाऱ्यांनी बोलणे सुरू असतानाच चालक एकाएकी थांबला. त्याने काकांचा दंड धरून त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवले.

वाटेवरून एक सिंहीण येत होती. तिच्यामागे तीन पिल्ले होती आणि चौथे बरेच मागे राहिले होते. मे महिन्यात तिथले गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि सकाळी ते दवापावसाने निथळत असते. अशा गवतातून चालायला सिंहांना आवडत नाही, म्हणून पावसाळ्यात ते गाडीवाटेने चालतात, असे चालक मंडळी नेहमी सांगतात. ती दोन्ही गाड्यांना अगदी लागून गेली. तिच्या पोटाखालचे केस चिखलाने चिकटून त्यांच्या लोंब्या झाल्या होत्या आणि दर चार-पाच पावलांनी ती पुढचा पंजा झटकत होती, आपल्याकडे ओल्या अंगणातून येणारी मांजर झटकते तसा. मागे राहिलेले पिल्लू आमच्या चाकांनी पाडलेल्या खड्ड्यात घसरले, ओरडले, आणि धडपडत वर आले. दहा-बारा मिनिटे हे चालले आणि आसपास तिसरी गाडी नव्हती. ऑगस्टमध्ये मारा नदीच्या एका उतारावर विल्डबीस्टांची, म्हणजे कळपाने स्थलांतर करणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांची, वाट पाहत असलेल्या चाळीस गाड्या मी मोजल्या आहेत, आणि तरी त्या दिवशी कळप काठापर्यंत येऊन माघारी फिरला होता.

साडेअकराला निवासावरून ट्रॅक्टर आला आणि आम्ही सुटलो. दुपारनंतर पुन्हा पाऊस लागला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, म्हणजे दोन फेऱ्या बुडाल्या. चित्ता दिसला नाही. गेंडाही नाही.

रात्री जेवणानंतर काकांनी मला समोर बसवून विचारले, “आता खरं सांगा, इथं यायचा महिना कोणता?” मी पुण्यात जे सांगायला हवे होते ते तिथे सांगितले. नदी ओलांडणारे कळप पाहायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर. मात्र त्या काळात गर्दीही तेवढीच. दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर किंवा झांबियातले लुआंग्वा यांसाठी तिकडचा कोरडा हिवाळा आणि त्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, कारण गवत बसलेले असते आणि जनावरे पाणवठ्यांवर येतात. बोत्स्वानाच्या ओकावांगो या पाणथळ प्रदेशासाठीचा पाऊस अंगोलाच्या डोंगरांवर पडतो आणि पाणी काही महिन्यांनी खाली पोहोचते, त्यामुळे स्थानिक पाऊस नसताना, जून ते ऑगस्टमध्ये, तो प्रदेश पाण्याने भरलेला असतो. हे काकांनी दोनदा समजून घेतले. आणि विल्डबीस्टांची वीण पाहायची असेल तर फेब्रुवारी, टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एन्डुटूच्या माळावर. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरे जन्मतात, जन्मल्यावर काही मिनिटांतच उभी राहतात, आणि तरस, चित्ते, सिंह सगळेच तिथे जमतात.

“तिथंच का वितात?” त्यांनी विचारले.

तिथली जमीन जुन्या ज्वालामुखींच्या राखेची आहे. गवत आखूड वाढते, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमके तेच लागते, असे मी सांगितले. काका बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी बुटांच्या तळाला वाळून चिकटलेली माती काडीने खरवडायला घेतली.

परत आल्यावर मी बुकिंगच्या अर्जात पहिला प्रश्न बदलून घेतला. पूर्वी तिथे ‘प्रवासाची तारीख’ होती, आता ‘काय पाहायचे आहे’ असे आहे. सुट्टीचे महिने त्यानंतर विचारतो. मे महिन्याची सफारी आजही मागितली जाते आणि आम्ही ती देतोही, कारण हिरवेगार माळ, पक्षी आणि एकांत हवा असणारी माणसे असतात, आणि माराचे प्रवेशशुल्क आता परदेशी पर्यटकांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत 200 डॉलर असे झाल्यामुळे फरक खिशालाही कळतो. मात्र गाडी रुतेल, फेऱ्या बुडतील, हे मी लेखी कळवते. नदीकाठच्या छावण्या मे महिन्यात आता मी घेतच नाही. 2024 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मारातल्या तलेक नदीचे पाणी छावण्यांत शिरले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले.

काकांचा फोन 2018 मध्येच, दिवाळीनंतर आला. फेब्रुवारीत एन्डुटूला जायचे आहे, म्हणाले. त्या दिवसांत मुलांच्या शाळा चालू असतात, याची मी या वेळी लगेच आठवण करून दिली.

“असू द्या की,” ते म्हणाले. “तुमची काकू आणि मी. दोनच तिकिटं काढा.”