कॉन्फ्लिक्ट मिनरल्सचा फॉर्म भरताना: माझा अनुभव

नाशिकच्या अंबड-सातपूरमध्ये स्विचगिअरचे (वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचे) सुटे भाग करणाऱ्या युनिटला परदेशी ग्राहकाकडून एक एक्सेल शीट येते, सीएमआरटी (कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्टिंग टेम्प्लेट) नावाची. ज्या खनिजांच्या विक्रीतून काँगोसारख्या भागातल्या सशस्त्र टोळ्यांना पैसा जाऊ शकतो ती कॉन्फ्लिक्ट मिनरल्स; ती आपल्या मालात आहेत का, हे ही शीट विचारते, आणि मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपला आणि काँगोचा काय संबंध? संबंध कथलाचा आहे. बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर) टिन प्लेटिंग, कंट्रोल कार्डावर सोल्डर, कॉन्टॅक्ट टिपमध्ये सिल्व्हर-टिन ऑक्साइड नाहीतर सिल्व्हर-टंगस्टन. कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं, एवढ्या चारच धातूंची ही चौकशी. अशा युनिट्सचं आणि धातू आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांचं हे काम मी करून देते, त्यातलं उपयोगी पडेल ते इथे लिहिते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याचं कलम १५०२ काँगो आणि त्याला लागून असलेल्या नऊ देशांबद्दल आहे. युरोपीय संघाचा नियम २०१७/८२१ हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तो युरोपात धातू आणणाऱ्या आयातदारांसाठी आहे आणि जगातला कुठलाही संघर्षग्रस्त भाग त्यात येतो. नाशिकच्या युनिटला यातला एकही थेट लागू नाही. पण ग्राहकाला कोणाला ना कोणाला हिशोब द्यायचा असतो, आणि तो आपल्याकडून मागतो. ‘आम्हाला लागू नाही’ हे उत्तर खरं असलं तरी त्याने ऑर्डर टिकत नाही.

फॉर्म उघडण्याआधी बिल ऑफ मटेरियल, म्हणजे मालातल्या सगळ्या पार्टची यादी, घेऊन बसा. प्रत्येक पार्टसमोर चारपैकी कोणता धातू, तो मुद्दाम घातलाय का, आणि तयार मालात शिल्लक राहतो का, एवढं लिहा. कार्बाइड इन्सर्टमध्ये टंगस्टन असतं, पण ते हत्यार आहे, मालासोबत ग्राहकाकडे जात नाही. त्याची नोंद करायची गरज नाही. उलट जॉबवर्कला पाठवलेलं प्लेटिंग हमखास विसरलं जातं, कारण त्या कथलाचं बिल आपल्या नावावर नसतं.

आता खरा अडथळा: स्मेल्टर, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणारा कारखाना. शेकडो खाणींचं खनिज तिथे एकत्र वितळतं आणि पुढे कोणती कांडी कोणत्या खाणीची हे कुठल्याही लॅबला सांगता येत नाही. म्हणून तपासणी तिथेच होते आणि फॉर्मही त्याचंच नाव मागतो. डीलरला फोन केला की उत्तर येतं, ‘मॅडम, माल एक नंबर आहे, टेस्ट सर्टिफिकेट देतो ना!’ टेस्ट सर्टिफिकेटवर शुद्धता असते, शिसं किती, तांबं किती, उगम नसतो. डीलरकडे मागायचं ते वेगळं: कांडीवरचा ब्रँडचा शिक्का आणि लॉट नंबर यांचा फोटो, मूळ उत्पादकाचं पॅकिंग लिस्ट, आणि माल आयात असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयात कागद). दर झाकून दिलं तरी चालतं, हे आधीच सांगा. निम्मी टाळाटाळ दराच्या भीतीने असते.

स्मेल्टर लिस्टच्या पानावर सर्वांत जास्त चुका होतात. प्लेटिंगवाल्याचं, डीलरचं किंवा सोल्डर वायर बनवणाऱ्या कंपनीचं नाव तिथे टाकतात. यातला कोणीही स्मेल्टर नाही. खऱ्या स्मेल्टरला रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्हचा (हा फॉर्म काढणाऱ्या उद्योगसंस्थेचा) ‘सीआयडी’ने सुरू होणारा नंबर असतो, तो नंबर टाकला की नाव आणि देश आपोआप भरतात. नंतर त्यांच्या यादीत त्या स्मेल्टरची ऑडिटची स्थिती बघा आणि ज्या तारखेला बघितली ती लिहून ठेवा. स्थिती बदलते. पुरवठादाराने आपल्या सगळ्या कंपनीचा एकच फॉर्म पाठवला असेल तर यादी लांबलचक येते आणि त्यात आपण कधी न घेतलेल्या सोन्याच्या रिफायनऱ्याही असतात. ती जशीच्या तशी पुढे ढकलू नका. युगांडाच्या आफ्रिकन गोल्ड रिफायनरीवर अमेरिकेने २०२२ मध्ये निर्बंध घातले; असं नाव विनाकारण आपल्या फॉर्मवर आलं की खुलासा करत बसावं लागतं.

‘शंभर टक्के भंगारातून’ ही पळवाटही लोकप्रिय आहे. भंगाराची कागदपत्रं नसतील तर तिकडे ‘नाही’च लिहा. किती पुरवठादारांनी उत्तर दिलं या प्रश्नालाही खरा आकडा द्या. पहिल्या वर्षी अर्धवट उत्तर ग्राहक समजून घेतो. सगळीकडे ‘हो’ आणि स्मेल्टर लिस्ट कोरी, हे नाही.

आयातदारांचा कल असतो सरळ ‘आफ्रिकेचा माल नको’ अशी अट घालण्याकडे. मला ते पटत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची खनिज खरेदीबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगत नाहीत. सशस्त्र टोळ्यांना पैसा जात असेल, सक्तीची मजुरी असेल, तर व्यवहार ताबडतोब थांबवायचा. लाचखोरी किंवा करचुकवेगिरी असेल तर पुरवठादारासोबत सुधारणेचा आराखडा करायचा आणि सहा महिन्यांत मोजता येईल असा फरक बघायचा. हाताने खणून पोट भरणारे हजारो लोक तिथे आहेत. शिवाय देशाच्या नावावर विसंबणं फसवं असतं: काँगोतल्या रुबाया भागातल्या कोल्टनच्या खाणी २०२४ मध्ये एम२३ बंडखोरांच्या ताब्यात गेल्या, आणि तो माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. कोल्टन म्हणजे टँटलमचं खनिज, म्हणजे कंट्रोल कार्डावरचे ते पिवळे कपॅसिटर. कार्ड बाहेरून घेत असाल तर कार्डवाल्याकडून फॉर्म घ्याच.

भरून झालं की फॉर्ममधलं चेकरचं पान बघा, काय भरायचं राहिलं ते तिथे दिसतं. एकही लाल ओळ राहिली तर ग्राहकाची सिस्टीम फाइल परत पाठवते. जुन्या आवृत्तीचंही तेच होतं. डीलरचे मेल, फोटो, बिलं पाच वर्षं जपा, आणि नव्या परचेस ऑर्डरमध्ये ‘मूळ उत्पादकाचं नाव कळवणं बंधनकारक’ ही एक ओळ टाका. पुढच्या वर्षी डीलरच्या मागे लागण्याचा बराचसा त्रास वाचतो.