आमची वाटचाल : लेथ, आटे आणि काळे कोपरे

‘खेतवाडीच्या हूडनं फोटोचे कोपरे काळे येतात.’ हे वाक्य मुंबईच्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत, अजूनही अधूनमधून कानावर येतं. हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं, तिरका उजेड अडवणारं नळकांडं. ती आम्ही बनवतो. बोलणारा बहुतेक वेळा त्या प्रकरणाच्या वेळी शाळेत असतो. म्हणून मुलानं ‘बाबा, आता तुम्ही वाटचाल लिहून काढा’ म्हटल्यावर मी म्हटलं, लिहीन, पण ते प्रकरण गाळणार नाही.

१९८४ साली खेतवाडीत आमचं वर्कशॉप होतं ते पंपांच्या बुशांचं. एक लेथ, एक पिलर ड्रिल, एक बफिंगची मोटर. कॅमेऱ्यांशी आमचा संबंध आला तो मिस्त्रींमुळे. मिस्त्री माझे पहिले भागीदार. टर्नर असे, की व्हर्निअर लावायच्या आधी बोटानं माप सांगायचे आणि व्हर्निअर बहुधा त्यांचंच ऐकायचा. तेव्हा परदेशी कॅमेरा सरळ दुकानात मिळणं मुश्कील. जहाजावरचे, गल्फवरून येणारे लोक आणायचे. याशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट, क्वचित एखादा लायका. कॅमेरा यायचा, हूड यायचं नाही. कॅनोनेट जी-थ्रीला ४८ मिमीचे आटे, आणि ४८ चं हूड अख्ख्या बाजारात सापडत नसे. एका रिपेअरवाल्यानं मिस्त्रींना विचारलं, ‘एक बनवून देता का?’ दिलं. मग दुसरं मागितलं. बुशांचं काम कधी सुटलं ते कळलंही नाही.

हूडमध्ये काय आहे, एक नळकांडं तर आहे, असं म्हणणारे खूप भेटले. त्यांना मी आधी आटे पाडायला सांगतो. ३९ आणि ४०.५ मिमीला अर्ध्या मिलिमीटरचा पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर; ४८ ला पाऊण. चुकीचा पीच एक-दीड फेरा गोड जातो आणि मग अडकतो. जोर लावलात तर लेन्सची पुढची रिंग गेली. मिस्त्री आतल्या बाजूला बारीक पायऱ्या कापायचे, म्हणजे तिरका उजेड पायरीवर अडायचा. वरून काळं ॲनोडायझिंग, आत मॅट काळा. आत चकाकी ठेवणाऱ्यानं हूड बनवूच नये, झुंबर बनवावं.

एसएलआरवाल्याचं ठीक असतं, तो लेन्समधूनच बघतो. हूड आड आलं तर त्याला डोळ्यानं दिसतं. रेंजफाइंडरवाला लेन्समधून बघतच नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. त्यामुळे त्याला दोन दुखणी. एक, हूड खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घुसतं आणि तिथे उभा असलेला माणूस गायब होतो. दुसरं त्याहून वाईट. हूड लांब झालं, तोंड अरुंद झालं, तरी खिडकीत सगळं स्वच्छ. काळे कोपरे दिसतात रोल धुऊन आल्यावर.

हे आम्हाला शिकवलं परळच्या एका डॉक्टरांनी. त्यांच्याकडे लायका एम-टू कॅमेरा, आणि समिक्रॉन लेन्स दोन, एक ५० मिमीची, एक ३५ ची. संपानंतरच्या गिरणगावात संध्याकाळच्या उन्हात गिरण्यांच्या चिमण्यांचे फोटो काढायचे, म्हणजे सूर्य जवळजवळ लेन्समध्येच. दवाखाना बंद करून वर्कशॉपला यायचे, स्टुलावर बसायचे आणि मिस्त्रींशी वाद घालायचे. कॅमेऱ्याचं खालचं झाकण काढायचं, मागची फडकी उघडायची, शटर ‘बी’ वर दाबून धरायचं, ॲपर्चर पूर्ण उघडं, फोकस अनंतावर. मग फिल्म जिथे बसते त्या चौकटीच्या कोपऱ्याशी डोळा नेऊन लेन्समधून बाहेर बघायचं. आधी हूडशिवाय, मग हूड लावून. उजेडाचा तो बदामी आकार हूडनं जरा जरी कापला तर हूड पुन्हा लेथवर. डॉक्टर म्हणायचे, ‘मिस्त्री, चारही कोपरे. एक बघून पास करू नका.’ जुन्या स्क्रू-माउंट लायकाला मागची फडकी नसते. त्याची लेन्स आम्ही रिंग लावून डॉक्टरांच्याच एम-टूवर चढवून तपासायचो. डॉक्टरांनी कॅमेरा आठ-आठ दिवस आमच्याकडे ठेवला आणि कधी पावती मागितली नाही.

खाचांचंही तसंच. हूडच्या भिंतीत खाचा पाडल्या की फाइंडरमधून, म्हणजे त्या बाजूच्या खिडकीतून, आरपार दिसतं. पण आट्याचं हूड घट्ट बसल्यावर खाच कुठे येऊन थांबेल हे प्रत्येक लेन्सवर वेगळं, कारण आटे कुठून सुरू व्हावेत याचं बंधन कोणावर नाही. म्हणून मिस्त्रींनी आत एक लॉक-रिंग घातली. हूड बसवा, खाच फाइंडरच्या बाजूला फिरवा, रिंग आवळा. ही आमची खासियत आणि हीच चोरीला गेली. तीही अर्धवट.

१९९७ मध्ये बाजारातल्या एका मोठ्या दुकानदारानं आमचा माल मागितला. नाव लिहीत नाही, बाजाराला माहीत आहे. ५० समिक्रॉनसाठी केलेली हूडं उधारीवर नेली, ‘नमुना म्हणून’ आणखी काही नेली आणि एका दुपारी चहाच्या निमित्तानं आमची मापांची वही चाळली. दोन महिन्यांत त्यांच्या काउंटरवर तसंच हूड, आमच्यापेक्षा निम्म्या भावात. लॉक-रिंग काढलेली, कारण ती महाग पडते. खाच त्यामुळे कुणाच्या लेन्सवर खाली, कुणाच्या उजवीकडे. तेही चाललं असतं. पण ५० आणि ३५ या दोन्ही समिक्रॉनना आटे ३९ चेच, म्हणून त्यांनी ते ५० चं हूड ३५ वाल्यांनाही विकायला सुरुवात केली.

आता कोन बघा. लेन्सला चौकटीच्या कर्णात दिसतो तो कोन ५० ला ४७ अंश, ३५ ला ६३. पन्नासच्या हूडची लांबी दहा मिमी वाढली की तोंड पावणेनऊ मिमीनं रुंद व्हायला हवं. पस्तीसला तेच बारा मिमीपेक्षा जास्त. त्यात गिऱ्हाईक मध्ये यूव्ही फिल्टर लावतो, म्हणजे हूड आणखी चार-पाच मिमी पुढे. कोपरे काळे येणारच. लोक तक्रार घेऊन गेले की दुकानदार म्हणायचे, ‘माल खेतवाडीचा आहे, तिकडे जा.’ मी जाऊन भांडलो, तर शांतपणे म्हणाले, ‘लायका स्वतःच एक हूड दोघांना देते.’ देते! १२५८५ नंबरचं हूड, दोन्ही बाजूंची बटणं दाबून बसणारं. पण ते ३५ च्या कोनानं केलेलं आहे हो. पस्तीसचं हूड पन्नासला चालतं, पन्नासला थोडा आडोसा कमी मिळतो इतकंच. उलट चालत नाही. काउंटरवर उभं राहून हे समजावलं. गर्दी जमली, गिऱ्हाईक हसलं आणि स्वस्तातलं घेऊन गेलं.

त्या वर्षी आमच्याकडे ऑर्डर येणं जवळजवळ थांबलं. मिस्त्रींनी स्वतःचा हिस्सा घ्यायचं बंद केलं आणि मला सांगितलंही नाही, घरून कळलं. लेथ विकायला काढला होता, गिऱ्हाईकही आलं होतं. डॉक्टर काळे कोपरे आलेल्या लोकांना गाठून वर्कशॉपला आणायचे, एम-टूची फडकी उघडून त्यांचं हूड आणि आमचं हूड दोन्ही दाखवायचे. चौकटीच्या कोपऱ्यातून एकदा डोळ्यानं बघितलेला माणूस पुन्हा त्या दुकानात गेला नाही. हळूहळू लोक लेन्स घेऊन थेट आमच्याकडे यायला लागले. लेथ राहिला.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. डिजिटल आल्यावर सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. २००९ ला लायकाचा डिजिटल एम-नाइन आला, त्याच सुमारास बिनआरशाचे मिररलेस कॅमेरे आले, पोरांनी आजोबांच्या लेन्स कपाटातून काढल्या आणि आमचं काम पुन्हा सुरू झालं. मिररलेसवर खाच लागत नाही, तरी पोरं खाचवालंच मागतात. दिसायला छान दिसतं म्हणे. करून देतो.

मिस्त्री आता नाहीत, डॉक्टरही नाहीत. लेथ मुलगा चालवतो, मी कोपरे बघतो.

नवीन मंडळींना विचारलं नसतानाही सांगतो. जुपिटर-८ लेन्सला चौकोनी हूड मागू नका, फोकस करताना लेन्सचा पुढचा भाग फिरतो, चौकोन तिरका होईल. जुन्या ५० च्या एल्मार लेन्सचं ॲपर्चर अगदी पुढे, काचेच्या कडेला. ३६ मिमीचं, बाहेरून आवळून बसवायचं क्लॅम्प हूड लावलंत की दर वेळी काढून ॲपर्चर बदलावं लागेल, हे घेण्याआधी समजून घ्या. आट्यांवर साधी पेन्सिल फिरवा, अडकणार नाही. अडकलंच तर पक्कड नको, जाड रबरबँड गुंडाळून फिरवा. आणि धंदा करत असाल तर उधारीच्या गिऱ्हाइकाला चहा बाहेर पाजा, वहीजवळ नको.

आम्ही कुरिअरनं काम घेतो, पण नुसतं ‘३९ चं एक पाठवा’ असा मेसेज आला तर उत्तर देत नाही. लेन्स पाठवा, नेहमीचा फिल्टर पाठवा आणि कॅमेरा कुठला ते लिहा. पैसे आधी. १९९७ च्या त्या मालाचं बिल अजून फाइलीत आहे, त्यावर त्यांच्या दुकानाचा शिक्का आहे, आणि ते दुकानही अजून चालू आहे.