वेळासची वाळू आणि शहरातले पाहुणे

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी लागते आणि तिथून बाणकोटमार्गे वेळासला जाता येते. मंडणगड तालुक्यातले हे गाव नाना फडणवीसांचे; तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या गाड्या इथे वळतात त्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांसाठी.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास इथे घरट्यांचे संरक्षण सुरू केले. त्यापूर्वी अंडी माणसे नेत आणि जी उरत ती कोल्ही-कुत्री उकरून खात. आता ‘कासवमित्र’ म्हणवणारे गावकरी पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीचा माग काढतात, शंभरेक अंडी अलगद उचलून कुंपणातल्या हॅचरीत तितक्याच खोल पुरतात आणि तारीख व संख्या लिहून ठेवतात. पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. वाळू तापलेली असेल तर ती लवकर निघतात आणि त्यांत माद्या अधिक असतात, कारण कासवांचे लिंग तापमानावर ठरते. म्हणूनच गावकऱ्यांच्या या नोंदी मला पिल्ले सोडण्याच्या सोहळ्याहून मोलाच्या वाटल्या: बदलत्या हवामानाचा इथल्या किनाऱ्यावरचा परिणाम पुढे कोणाला तपासायचा झाला, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागेल.

जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील पहिल्या कासवाला उपग्रह टॅग (उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारे यंत्र) लावला, तोही वेळासलाच. त्या मादीचे नाव ‘प्रथमा’. यंत्र आणि विश्लेषण बाहेरून आले, पण मादी कुठे, केव्हा वर चढते हे ठाऊक होते ते किनारा रोज तुडवणाऱ्यांना.

पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते, त्यामुळे राहण्या-जेवणाचे पैसे थेट घरधनिणीच्या हाती पडतात (उकडीच्या मोदकांसाठी आम्ही आनंदाने जास्त दिले असते). मात्र हेच पाहुणे किनाऱ्यावर मोबाइलचे दिवे लावतात, तेव्हा उजेडाच्या दिशेने सरकणारी पिल्ले भरकटण्याचा धोका असतो. आम्ही गेलो त्या सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली नुसती वाळू होती. ‘पैसे भरून आलोय’ अशी कुरकुर मागून ऐकू आली. कासवमित्राने शांतपणे वही उघडून घरट्याची तारीख दाखवली आणि म्हणाला, ‘‘दिवस भरले की येतील. त्यांना रविवार कळत नाय.’’