मास्तरांनी घरोघर पोचवलेली पोरं

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर मास्तर उभे राहिले. बाकीचं इतर लिहितीलच, मला मास्तरांवरच लिहायचं आहे.

१८ डिसेंबर १९६१, सोमवार. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. सकाळी देवळाच्या सभामंडपात आमची पावकी चालली होती. एकाएकी पणजीजवळच्या बांबोळीच्या बाजूनं कान फाडणारा आवाज आला. विमानं इतकी खाली की पाठोपाठ सभामंडपाची कौलं थरथरली आणि त्यांतली माती आमच्या पाट्यांवर पडली. मोठी मुलं बघायला बाहेर धावली. मास्तरांनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं, सगळ्यांना चिऱ्यांच्या भिंतीला टेकवून पालथं निजवलं आणि म्हणाले, "पावकी थांबवायची नाही. मोठ्यानं म्हणा." धडाके होत होते, आम्ही ओरडून पावकी म्हणत होतो, रडतही होतो. मास्तर मात्र उभेच होते, दारात.

लक्ष्य बांबोळीचं वायरलेस केंद्र होतं. गोव्याचा लिस्बनशी संपर्क तोडायचा, म्हणून भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी त्यावर मारा केला. त्याच सकाळी कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या विमानतळाची धावपट्टी फोडली. हे सगळं मी पुढे वाचलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळत होतं, की पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, काहीतरी मोडतंय.

आवाज थांबला तशी मास्तरांनी हजेरी घेतली, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून. मग पाट्या पुसायला लावल्या आणि आम्हाला रांगेनं घरी नेलं. वर विमानं फिरतच होती. आमच्या दारात आई चहासाठी थांबा म्हणाली, तर "वयनी, आजून वरच्या वाड्यावरली भुरगीं पावोवंक जाय" (अजून वरच्या वाड्यावरची पोरं पोचवायची आहेत) म्हणून ते तसेच निघाले. धोतराचा सोगा खोचलेला, एका पोराला कडेवर घेतलेलं. वडील घरी नव्हते. ते आयुष्यभर म्हणायचे, त्या दिवशी बाप मास्तरच होते.

पुढे मी आकाशवाणीत अभियंता झालो. ट्रान्समीटरवर काम करताना मास्तरांचा आवाज कितीदा आठवला असेल! आता बांबोळीच्या पठारावर मेडिकल कॉलेज आहे, हमरस्ता वाहतो आहे. तिथून जाणाऱ्या पोरांना ती सकाळ कुणी सांगत नाही, आणि गावोगावच्या मराठी शाळांत सांगायला पोरंही उरली नाहीत. याचं फार वाईट वाटतं.

नव्या सभागृहाला देणगीदाराचं नाव देणार, असं ऐकतो. समितीला हात जोडून विनंती, नाव मास्तरांचंच द्यावं. देणगी कमी पडली तर माझं निवृत्तिवेतन आहे.